माल गोठायच्या आत उत्तर: ज्युलिया ही प्रोग्रॅमिंगची भाषा, दीड वर्ष वापरून

रात्री साडेनऊला साध्या पायथॉन भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम लावून घरी गेलो. सकाळी सहाला येऊन बघितलं तर तो नुकताच संपलेला. एका फ्लायव्हीलच्या हबजवळ, म्हणजे मधल्या जाड भागाजवळ, श्रिंकेज (माल गोठताना आकसून पडणारी पोकळी) येत होतं, आणि आधी हब गोठतोय की त्याला जादा रस पुरवणाऱ्या रायझरचा नेक, म्हणजे मान, एवढंच मला बघायचं होतं. आमचे मोल्डिंगचे मामा मागं येऊन उभे राहिले. "सायेब, वीस मिन्टात गोठणारा माल, आन् तुमचं यंत्र साडेआठ तास घेतंय व्हय? त्यापरीस ओतून, कापून बघितला असता की!"

मला काही उत्तर सुचलं नाही. पण तेव्हापासून प्रोग्रॅमिंगची भाषा मोजायचं माझं माप तेच झालं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेथड्सचं काम बघतो, म्हणजे रस साच्यात कसा जावा, रायझर कुठं बसवावा ते ठरवतो. प्रोग्रॅमिंग हा माझा धंदा नाही. तयार सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं लायसन्स आमच्या मालकांच्या हिशेबात बसत नाही, म्हणून स्वतःच लिहायला घेतलं. ६०० बाय ४०० मिलिमीटरचा छेद, त्यात साच्याची वाळूही आली, १ मिलिमीटरचे चौकोन. प्रत्येक चौकोनानं चार शेजाऱ्यांचं तापमान विचारायचं आणि आपलं बदलायचं. लोखंडात उष्णता ज्या वेगानं पसरते त्या हिशेबानं या चौकोनाला एका वेळी ०.०२५ सेकंदापेक्षा मोठी उडी चालत नाही, आकडे बोंबलतात. मी ०.०२ घेतो. वीस मिनिटांच्या साठ हजार उड्या, गुणिले दोन लाख चाळीस हजार चौकोन: चौदाशे चाळीस कोटी वेळा तेच गणित. साध्या पायथॉनचं फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा कोड) इथंच मान टाकतं, कारण तिथं प्रत्येक आकडा ही एक स्वतंत्र वस्तू असते आणि प्रत्येक बेरजेला "तू कोण, पूर्णांक की दशांश?" अशी चौकशी होते.

नमपायनं, म्हणजे आकड्यांचे अख्खे तक्ते एकदम हाताळणाऱ्या पायथॉनच्याच लायब्ररीनं, तेच काम सहा मिनिटांत केलं. मामांच्या मापात पास! खरं सांगायचं तर बऱ्याच जणांनी इथंच थांबावं. मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार किंवा समीकरणांचा संच सोडवणं एवढंच काम असेल, तर वर कुठलीही भाषा लिहा, खाली बीएलएएस आणि लॅपॅक या गणिताच्या तयार लायब्ऱ्याच राबत असतात. फरक पडतो तो स्वतःचं लूप लिहावं लागतं तेव्हा. गोठताना लोखंड सुप्त उष्णता सोडतं, म्हणजे प्रत्येक चौकोनाला "तू गोठायला लागलास का?" हे विचारायचं. नमपायमध्ये ते मास्क (कुठला चौकोन गोठतोय त्याची हो-नाहीची यादी) लावून, मधले अ‍ॅरे (आकड्यांचे तक्ते) तयार करून लिहावं लागतं, आणि महिन्यानं मलाच ते वाचता येत नव्हतं. नंबा हे पायथॉनचं आणखी एक पॅकेज वापरून बघितलं. फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ टाकली की साधं लूप मशीन कोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या भाषेत, उतरतं, वेग झकास. पण माझे मटेरियलचे तक्ते आणि क्लास आत नेले की एररची पानंच्या पानं.

मग ज्युलिया. २०१२ साली बाहेर आली, २०१८ मध्ये १.० झाली, करणाऱ्या चौघांत आपले विरल शहा एक. फुकट आहे. वहीत लिहितो तसं लूप लिहायचं आणि एलएलव्हीएम या कंपायलरच्या (कोडचा मशीन कोड करणाऱ्या) यंत्रणेतून त्याचं थेट मशीन कोड होतं.

पहिल्या दिवशी मात्र शिव्या घातल्या. वेळ जवळपास पायथॉनइतकाच! चूक माझीच. सगळं फाइलमध्ये उघड्यावर, म्हणजे कुठल्याही फंक्शनच्या बाहेर, लिहिलं होतं. उघड्यावरचं व्हेरिएबल कधीही जात (पूर्णांक की दशांश) बदलू शकतं, म्हणून कंपायलर कशाचीच खात्री धरत नाही. तेच सगळं एका फंक्शनमध्ये घातलं आणि दोन मिनिटांवर आलं.

तरी दोन मिनिटं का, हे कळायला आठवडा गेला. ज्युलियात मॅट्रिक्सचा उभा स्तंभ मेमरीत सलग बसतो, नमपायमध्ये आडवी ओळ. माझं आतलं लूप जुन्या सवयीनं आडवं धावत होतं. प्रोसेसर मेमरीतून एका खेपेला ६४ बाइट आणतो, म्हणजे आठ आकडे. मी त्यातला एक वापरून पुढं जात होतो. लॅडलमध्ये, म्हणजे रस न्यायच्या भांड्यात, आठ साच्यांचा रस आणायचा, एक साचा भरायचा आणि परत भट्टीकडं पळायचं, असला प्रकार. दोन लूपची अदलाबदल केली, चाळीस सेकंद.

तक्रारी आहेत. सुरू केल्यावर पहिल्या वेळी कंपाइल होईपर्यंत थांबावं लागतं; आलेख काढायचं पॅकेज तर पूर्वी चहा पिऊन येईपर्यंत उघडायचं नाही. २०२३ च्या १.९ पासून पॅकेजचं कंपाइल झालेलं कोड साठवून ठेवतात, तेव्हापासून बरंच सुसह्य. अ‍ॅरेचा तुकडा घेतला की मुकाट्यानं त्याची नक्कल होते, हे लक्षात ठेवावं लागतं. आणि दुसऱ्याच्या मशीनवर एक्झी (डबल क्लिक केलं की चालणारी फाइल) करून द्यायची म्हटलं की डोकेदुखी.

तिथं फोरट्रान. १९५७ ची भाषा, आम्हाला कॉलेजात सातव्या कॉलमपासून बहात्तराव्यापर्यंत लिहायला लावलेली. जीफोरट्रान या तिच्या कंपायलरवर तेच गणित पस्तीस सेकंदात. पण तिनंही मला एकदा गंडवलंच. वाळूची उष्णतावाहकता ०.६, तिला मी नाव दिलं 'के'. फोरट्रानमध्ये जाहीर न केलेलं, आय ते एन अक्षरांनी सुरू होणारं व्हेरिएबल पूर्णांक धरतात. ०.६ चा झाला शून्य. वाळू उष्णता घेईचना, आणि स्क्रीनवरचं फ्लायव्हील काही केल्या गोठेना. दोन दिवस मी समीकरणं तपासतोय! 'इम्प्लिसिट नन' (जाहीर न केलेलं नाव चालणार नाही, ही सूचना) वर लिहिलं असतं तर कंपायलरनंच कान धरला असता.

सी++ येणाऱ्याला तोच वेग मिळेल. मला टेम्प्लेटचे एरर वाचायला पगार नाही. मॅटलॅब छान, पण लायसन्सपाशी पुन्हा गाडी अडते.

पाच सेकंदांसाठी मी ज्युलिया सोडणार नाही, कारण दिवसाला दहा वेळा रायझर बदलून बघायचा असतो आणि बदल करायला तिथं दोन ओळी पुरतात. हबच्या आधी नेक गोठत होता, हे असंच सापडलं. नेक वाढवला, पुढच्या हीटचा (भट्टीच्या खेपेचा) माल बँडसॉवर कापला, आतून स्वच्छ. आता छेदाऐवजी अख्खं कास्टिंग करायचंय. तिथं चौकोन निम्मा केला की आठपट ठोकळे आणि चौपट उड्या, म्हणजे बत्तीसपट काम; खरा कस तिथं लागेल.

मोल्डिंग शॉपमधल्या जुन्या पीसीवर मात्र फोरट्रानचीच एक्झी ठेवलीय. मामा स्वतः डबल क्लिक करतात. वाळूच्या 'के'चं नाव आता 'वाळूके' आहे.