रॅप्टर ७००आरचे पुढचे ए-आर्म्स: स्टॉक ठेवायचे, स्टँडर्ड ट्रॅव्हल घ्यायचे की लाँग ट्रॅव्हल?

अमेरिकेत स्पोर्ट एटीव्ही (चार चाकांची ऑफ-रोड गाडी) चालवणाऱ्या आपल्या लोकांमध्ये ए-आर्म्सचा, म्हणजे पुढचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या, चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या दांड्यांचा, विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास "कुठल्या कंपनीचे घेऊ" हाच असतो. हाऊजर, वॉल्श, लोनस्टार, अल्बा, रोल डिझाइन, नावं भरपूर आहेत आणि यातलं कोणी फार वाईट माल विकत नाही, म्हणून माझ्या मते कंपनी हा शेवटचा प्रश्न. आधी दोन गोष्टी ठरवा, गाडी कुठे पळणार आणि शॉक बदलणार आहात की नाही. या दोनची उत्तरं आली की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

उदाहरणाला यामाहाची रॅप्टर ७००आर घेतो कारण बहुतेकांकडे तीच आहे, आणि शेजारी वायएफझेड ४५०आर ठेवतो कारण तुलना तिच्याशीच होते. रॅप्टर कारखान्यातून येते साधारण ४६ इंच रुंद, पुढचा व्हील ट्रॅव्हल (चाक वरखाली किती हलतं ते) ९ इंचांच्या थोडा वर. वायएफझेड मुळातच ४८.८ इंच रुंद आणि पुढे ९.८ इंच ट्रॅव्हल. म्हणजे एक गाडी ट्रेल डोळ्यासमोर ठेवून बनवलेली आणि दुसरी मोटोक्रॉसच्या ट्रॅकसाठी, त्यामुळे एकीला जे आर्म्स शोभतात ते दुसरीला शोभतीलच असं नाही.

आता तो जादूचा आकडा, ५० इंच. फॉरेस्ट सर्व्हिसच्या (अमेरिकेचं सरकारी वनखातं) जंगलात एटीव्हीसाठी ठेवलेल्या बऱ्याच ट्रेल ५० इंच किंवा कमी रुंदीच्या गाड्यांनाच खुल्या असतात, कुठेकुठे तोंडाशी तेवढ्याच मापाचं गेट असतं. मोटोक्रॉसमध्येही मर्यादा ५० चीच. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर मात्र रुंदी कोणी मोजत नाही, तिथे जितकी रुंद तितकी उतारावर आडवी चालताना निवांत. आर्म्सवर "प्लस टू प्लस वन" लिहिलेलं असतं ना, त्यातला पहिला आकडा दर बाजूला किती इंच रुंद आणि दुसरा चाक किती इंच पुढे. दर बाजूला, हे विसरू नका, म्हणजे प्लस टू घेतले की गाडी एकूण ४ इंच वाढली. रॅप्टर ४६ ची ५० झाली, बरोब्बर काठावर, आणि मग टायर जरा फुगीर घेतलात किंवा रिमचा ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते) वेगळा निघाला की गेली हद्दीबाहेर. वायएफझेडला तर ५० पर्यंत दर बाजूला पाऊण इंचही शिल्लक नाही, तिला प्लस टू लावून ट्रेलवर जायचा विचार असेल तर सोडून द्या, फक्त वाळूसाठी असेल तर खुशाल लावा.

स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आलेले आर्म्स ठेवणं हा पर्याय लोक उगाच कमी लेखतात. जे महिन्यातून एकदा ट्रेलवर जातात, मोठ्या उड्या मारत नाहीत, त्यांनी ७००आरच्या शॉकचे क्लिकर नीट समजून घेतले (शॉक दबताना किती अडवायचा ते कॉम्प्रेशन, परत उघडताना किती ते रिबाउंड, स्प्रिंगचा आधीचा ताण तो प्रीलोड, सगळं फिरवता येतं त्यात) आणि बुश, बॉल जॉइंट (आर्मच्या टोकांचे सांधे) धड ठेवले तरी फरक चांगला जाणवतो, खर्चही जवळपास नाही. आणखी एक फायदा म्हणजे स्टॉक आर्म दगडावर आपटला की वाकतो, आणि वाकला तर वाकू दे, तो बदलता येतो. खूप मजबूत आर्म लावला की तो धक्का पुढे फ्रेमवरच्या माउंटला जातो, आणि तिथे तडा गेला की काम वेल्डिंगवाल्याकडे आणि बिल मोठं. तोटे पण आहेतच, स्टॉकमध्ये कॅम्बर-कास्टर (चाकाचा आत-बाहेरचा कल आणि स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) मनासारखा लावता येत नाही, आणि ४६ इंचांवर रॅप्टर वेगात वळताना आतलं चाक उचलते हे ज्याने चालवली त्याला सांगायला नको.

रुंदी हवी पण पैसे घालायचे नाहीत म्हणून काहीजण व्हील स्पेसर लावतात. वाळूत सरळ पळायचं असेल तर ठीक, पण स्पेसरने चाक हबपासून बाहेर ढकललं जातं, आर्म तेवढाच राहतो, मग एका चाकाला दगड लागला की हँडल हातातून ओढलं जातं. चांगले आर्म्स लावणारे बरोबर उलटं करतात, आर्म लांब आणि रिम ४-१ ऑफसेटची (४ इंच आतल्या बाजूला, १ बाहेर), म्हणजे चाक हबवर आत बसतं, हँडलला झटके कमी. ३-२ वरून ४-१ वर गेलं की दर बाजूला १ इंच कमी होतो, ५० च्या आत राहायला याचाही उपयोग होतो.

आता मुख्य सामना. स्टँडर्ड ट्रॅव्हल आर्म्समध्ये तुमचे आत्ताचे शॉक बसतात. लाँग ट्रॅव्हलमध्ये शॉकचं माउंट वेगळ्या जागी असतं, त्याला लांब शॉक लागतो, स्टॉक शॉक बसतच नाही. ही एक ओळ न वाचता लोक लाँग ट्रॅव्हल मागवतात आणि मग डबा गॅरेजमध्ये पडून राहतो, कारण एल्का, फॉक्स, ओलिन्स यापैकी कुठल्याही लाँग ट्रॅव्हल शॉकची जोडी आर्म्सपेक्षा महाग पडते. म्हणजे तिथे आर्म्स हा अर्धाच खर्च आहे, उरलेला अर्धा नसेल तर तिकडे बघू पण नका.

पण ज्याच्याकडे तेवढं बजेट आहे आणि जो खरंच ट्रॅकवर उड्या मारतो किंवा वाळूतले व्हूप्स (ओळीने येणारे उंचवटे) पूर्ण थ्रॉटलवर घेतो, त्याच्यासाठी लाँग ट्रॅव्हल वेगळीच चीज आहे. नुसतं चाक जास्त वरखाली जातं एवढंच नाही, चाक जेवढं हलतं त्या मानाने शॉकही जास्त हलतो, त्यामुळे डॅम्पिंगला (शॉकमधल्या ऑइलने झटका जिरवण्याला) काम करायला जागा मिळते, ऑइल कमी तापतं, लँडिंग मऊ होतं. वायएफझेडवाले रेसर याच वाटेने जातात. रॅप्टरवर ट्रेलसाठी मात्र मला तो पैसा वाया वाटतो, स्पष्टच सांगतो.

स्टँडर्ड ट्रॅव्हल घेताय तर तिथेही एक गोम आहे जी विकणारा क्वचित सांगतो. पाना लांब घेतला की तोच नट सहज सुटतो ना, तसं लांब आर्मने चाकाला स्प्रिंगवर जास्त जोर मिळतो. हिशोब असा की चाकाला जाणवणारा कडकपणा लिव्हरच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. समजा आर्म १४ इंचांचा १६ झाला आणि शॉकचं माउंट आतल्या पिव्होटपासून (आर्म फ्रेमवर फिरतो तो बिंदू) तेवढ्याच अंतरावर राहिलं, तर १४ भागिले १६, त्याचा वर्ग, ०.७७ च्या आसपास, म्हणजे पुढचा भाग जवळजवळ पावपट नरम झाला! गाडी खाली बसते, ब्रेक मारला की नाक घालते, आणि माणूस म्हणतो आर्म्स बेकार निघाले. आर्म्स ठीक असतात, स्प्रिंग कडक हवी होती. काही मेकर माउंट बाहेर सरकवून हे बरंचसं भरून काढतात, म्हणून ऑर्डरच्या आधी विचारा की स्टॉक स्प्रिंग चालेल की बदलावी लागेल, आणि तुमचं वजन रायडिंग गिअरसकट सांगा. प्लस वन रुंदी घेतलीत तर हा त्रास अर्ध्याच्या आसपास येतो आणि रॅप्टर ४८ वर राहते, ट्रेल आणि वाळू दोन्ही करणाऱ्याला मी हाच सल्ला देईन.

चाक १ इंच पुढे घेणं मला रुंदीइतकंच महत्त्वाचं वाटतं. व्हीलबेस वाढतो, व्हूप्समध्ये नाक कमी डोलतं, हँडल पूर्ण वळवल्यावर टायर पायाजवळ कमी येतो. फक्त अगदी घट्ट जंगलात, झाडांमधून वळताना, गाडी किंचित आळशी वाटेल.

क्रोमोलीबद्दल, म्हणजे बरेच आर्म्स ज्याचे बनतात त्या मिश्र स्टीलबद्दल, बरेच गैरसमज आहेत. ४१३० क्रोमोली साध्या स्टीलपेक्षा मजबूत असतं, पण ताठपणा दोघांचा जवळपास सारखाच, म्हणून त्याचा खरा फायदा म्हणजे पातळ पाइप वापरून वजन कमी करता येतं. पाइप तेवढाच जाड ठेवला तर हातात उचलल्यावर फरक कळणार नाही. त्यापेक्षा वेल्ड बघा, बुशला ग्रीस निप्पल आहे का बघा, आणि बॉल जॉइंट कुठला बसतो ते विचारा. स्टॉक नंबरचा बॉल जॉइंट बसत असेल तर गावातल्या डीलरकडे मिळेल, मेकरचा स्वतःचा असेल तर एक जोडी जास्तीची मागवून ठेवा, नाहीतर सुट्टीच्या वीकेंडला ग्लॅमिसला तंबूत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघा.

किंमत लावताना नुसत्या आर्म्सचा आकडा धरू नका. रुंदी वाढली की टाय रॉड (हँडलचं वळण चाकापर्यंत नेणारे दांडे) लांब लागतात, पुढच्या ब्रेकच्या होज लांब लागतात, हे सेटमध्ये कधी असतं कधी नसतं. ब्रेक होज ताणून चालवायचा विचार कृपया कोणी करू नका, सस्पेन्शन पूर्ण खाली लटकवून आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून होजला ढील आहे का ते बघायचंच.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी, ६६० रॅप्टर आणि ७०० वेगळी, वायएफझेड ४५० आणि ४५०आर पण वेगळी, नाव सारखं दिसतं म्हणून आर्म्स बसत नाहीत, वर्ष आणि मॉडेल दोन्ही विचारा. पावडर कोटिंग ताजं दिसलं तर खुश व्हायच्या आधी वेल्डच्या कडेने नखाने चाचपून बघा, रंगाखाली तडा लपतो. दोन्ही लोअर आर्म्स सपाट फरशीवर शेजारी ठेवा, एक जरी डुगडुगला तर वाकलेला आहे, किंमत कितीही पाडली तरी नका घेऊ. आणि विकणारा म्हणाला की "लाँग ट्रॅव्हल आहेत, शॉक मी ठेवून घेतोय", तर ते इतके स्वस्त का आहेत हे तुम्हाला आता माहीत आहे.