पायलोनिडल सायनस : शस्त्रक्रिया टाळायची असेल तर कोणता मार्ग?

पायलोनिडल सायनस म्हणजे माकडहाडाजवळ, नितंबांमधल्या घडीत केस शिरून कातडीखाली तयार झालेली पोकळ गाठ किंवा मार्ग, ज्याचे छिद्र कातडीवर दिसते. शस्त्रक्रिया टाळता येईल का, हे ठरवण्याआधी ही गाठ आज कोणत्या अवस्थेत आहे ते पाहावे लागते. माकडहाडावर लाल, गरम, हात लावू न देणारी सूज असेल, तर आत पू साचलेला असतो. तो केवळ अँटिबायोटिकने जिरत नाही, जागा बधिर करून लहानसा छेद देऊन काढावाच लागतो. पुढची तुलना आहे ती ठणका नसलेल्या अवस्थेची.

सर्वांत साधा उपाय केस काढण्याचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षितही तोच. गळालेले केस नितंबांमधल्या घडीत घर्षणाने कातडीत शिरतात, हेच या दुखण्याचे मूळ. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून तासन्‌तास फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांत ते इतके आढळले, की त्याला ‘जीपचा आजार’ असे नावच पडले. छिद्र आहे पण दुखत नाही, स्रावही नाही, अशा वेळी त्या भागातले केस नियमित काढणे, आंघोळीनंतर घडी कोरडी करणे आणि सलग बसणे टाळणे एवढ्यावर अनेकांचे भागते. मात्र ती जागा स्वतःला दिसत नाही, घरच्या कुणाची मदत घ्यावी लागते, आणि संकोचापोटी नेमके हेच राहून जाते. लेझरने ही अडचण पुष्कळ कमी होते. पण त्याला खर्च अधिक, बैठका अनेक, आणि पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग नाही.

अंतर्वस्त्राला वारंवार डाग पडत असतील, तर फिनॉल या रसायनाचा विचार करावा. डॉक्टर जागा बधिर करतात, छिद्रातून चिमट्याने केसांचा पुंजका ओढून काढतात, भोवतीच्या कातडीला मलमाचा जाड थर देतात, कारण फिनॉल भाजते, आणि मग ते आत सोडतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. शस्त्रक्रियेत जखम उघडी ठेवली, तर त्या मोठ्या जखमेचे ड्रेसिंग मात्र कित्येक आठवडे चालते. काहींना फिनॉल पुन्हा द्यावे लागते, हे आधीच धरून चालावे.

आयुर्वेदातील क्षारसूत्रात निवडुंगाचा चीक, अपामार्गाचा (आघाड्याचा) क्षार आणि हळद यांची पुटे दिलेला दोरा मार्गात ओवून साधारण दर आठवड्याला बदलतात. दोरा बदलताना दुखते, शिवाय तो ऊतक हळूहळू कापतच जातो, म्हणून याला ‘शस्त्रक्रियेविना’ म्हणणे मला पटत नाही.

छिद्रे अनेक असतील, मार्ग बाजूला फाटले असतील किंवा दुखणे पुनःपुन्हा उलटत असेल, तर शस्त्रक्रियाच बरी. तेव्हा टाके मध्यरेषेवर येणार की बाजूला, हे सर्जनला अवश्य विचारावे, कारण मध्यरेषेवरची जखम भरायला अधिक त्रास देते.