वॉर्साचा राजवाडा: तार्गोवित्साचा विश्वासघात समजून घ्यायचा तर

तार्गोवित्सा म्हणजे पोलंडच्या नव्या राज्यघटनेविरुद्ध बड्या सरदारांनी रशियाच्या आधाराने केलेलं बंड. आधी सिनेट दालन गाठा. 3 मे 1791 ची राज्यघटना इथेच मंजूर झाली आणि एका सदस्याच्या नकाराने अख्खी संसद अडवणारा लिबेरुम व्हेटो मोडीत निघाला. 1944 मध्ये जर्मनांनी राजवाडा उडवला. आजचं दालन पुन्हा बांधलेलं आहे, पण काम चोख.

यान मातेयकोचं राज्यघटनेचं चित्र जवळपास साडेचार मीटर रुंद आहे, थोडं मागे सरून पाहा. गर्दीत मुलाला धरून जमिनीवर पडलेला सुखोझेफ्स्की शोधा. घटनेचा हा कट्टर विरोधक पुढे तार्गोवित्सात सामील झाला.

त्यापुढचा क्रम वाचूनच जा, नाहीतर चित्रातले चेहरे मुके राहतात. पोतोत्स्की, ब्रानित्स्की, झेवुस्की या बड्या सरदारांनी बंडाचा मसुदा एप्रिल 1792 मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या पीटर्सबर्गमध्ये केला, जाहीर मात्र 14 मे रोजी तार्गोवित्सा या गावाच्या नावाने. चारच दिवसांत रशियन फौजा आत घुसल्या. जुलैत पोलंडचा राजाही बंडखोरांना मिळाला, हे सगळ्यात जिव्हारी लागतं. जानेवारी 1793 मध्ये पोलंडची दुसरी फाळणी झाली.

मातेयकोचं ‘रेय्तान’ही इथेच आहे, पहिल्या फाळणीला संसदेत विरोध करणाऱ्या रेय्तान या सदस्याचं. वेळ कमी असेल तर शाही शयनकक्ष सोडा, ही दोन चित्रं सोडू नका.