दहा महिने, एक पावसाळा आणि पाइपातली खार: घरातल्या एक्झॉस्टचा अनुभव

गेल्या मे महिन्याच्या शेवटी घरातली दमट हवा बाहेर फेकणारी यंत्रणा बसवली. आता शिमग्याची पालखी दारावरून गेली, पाडव्याला आठवडा उरला, आणि पहिल्यांदाच ती सगळी उघडून साफ केली. एक अख्खा पावसाळा तिने काढलाय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

आधी घराबद्दल, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आम्ही कोकणातल्या आंजर्ल्याचे, समुद्र चालत पाच मिनिटांवर. जुनं घर चिऱ्याचं आणि मंगलोरी कौलांचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात निम्मी कौलं उडाली, आणि मागचा माड वाशांवर पडून तो भागही खाली आला. दोन पावसाळे पत्र्याखाली काढले आणि मग स्लॅब घातला. वादळाची धास्ती गेली, पण पहिल्याच श्रावणात दोन्ही न्हाणीघरांच्या छताला काळे ठिपके धरले. कौलांच्या फटींतून, भिंत आणि छपराच्या मधल्या मोकळ्या जागेतून वाफ आपली आपण निघून जायची. स्लॅबला फट कुठली? यंत्रणा बसली त्या दिवशी सासूबाई खाली खुर्ची टाकून बघत होत्या. म्हणाल्या, "कौलांना कुठे गो बटण होतं?"

बसवलं ते असं: माळ्यावर पाइपाच्या मधोमध बसणारा चार इंची इनलाइन पंखा, त्याला दोन्ही न्हाणीघरं आणि कोठीची खोली जोडलेली. स्वयंपाकघरात वेगळा नऊ इंची एक्झॉस्ट. माळ्यावरचा पंखा ३० वॉटचा आहे, चोवीस तास चालवला तरी महिन्याला बावीसेक युनिट. बिलाची काळजी नको. आकाराचा हिशेब मी स्वतः केला होता. न्हाणीघर पाच बाय सात, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साडेनऊ घनमीटरच्या आसपास हवा. ती तासाला आठदा बदलायची तर एकाला ७५ आणि दोघांना मिळून १५० घनमीटर लागतात. पंख्याच्या खोक्यावर १८० लिहिलेलं, म्हणून निश्चिंत होते. खोक्यावरचा आकडा पाइप न जोडलेल्या पंख्याचा असतो आणि प्रत्येक वळण त्यातून काहीतरी खातं, हे मागाहून कळलं. घेणाऱ्याने एक माप मोठा घ्यावा.

निकाल? न्हाणीघरांचे ठिपके गेले. रंग काढून परत दिला होता, त्यावर अजून एकही नाही. त्यासाठी अंघोळ झाल्यावर अर्धा तास पंखा चालू ठेवावा लागतो. दिव्याच्याच बटणावर पंखा जोडला तर दिवा मालवला की तोही बंद, आणि वाफ आतच. बटण वेगळं घ्या.

कोठी मात्र फसली. तांदूळ, आमसुलं, कुळीथ, पापड सगळं तिथे, म्हणून मीच हट्टाने तिसरा पाइप घेतला. आर्द्रता मोजायचं स्वस्तातलं यंत्र आणून ठेवलं तेव्हा चूक दिसली. जुलैत बाहेरचीच हवा नव्वद टक्क्यांवर, आणि पंखा आतली हवा फेकून तीच बाहेरची आत ओढतोय. पापड चामड्यासारखे झाले. पंख्याने वाफ जाते, पण बाहेरच्या हवेपेक्षा घर कोरडं होत नाही, एवढी साधी गोष्ट विकणारा सांगत नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमारास तो पाइप टोपण घालून बंद केला आणि डबे घट्ट झाकले.

जुलैतच दुसरा घोळ झाला. पंखा चालू, आवाज नेहमीचा, पण आरसा धूसरच. दुकानदाराला फोन केला तर म्हणे मोटर बदला. वर्तमानपत्राची पट्टी जाळीला लावून बघितली. दार उघडं असलं की पट्टी चिकटून राहते, दार लावलं की गळून पडते. आमचं दार फणसाचं, पावसात फुगलेलं आणि खालची फट बुजलेली. आत हवा यायलाच वाट नाही तर पंखा ओढणार काय? मोटरचा काही दोष नव्हता. आता फाल्गुनात सुताराकडून दोन्ही दारं खालून तासून घेतली. तो अर्धा इंच म्हणत होता, मी पाऊण करायला लावलं. लाकूड आत्ता सुकं आहे, आषाढात ते आपला वाटा परत मागतंच.

आता सफाई. दुकानदाराने "मेंटेनन्स काही नाही" म्हटलं होतं. दिल्लीत नसेल कदाचित.

मेन स्वीच खाली केला, शिडी लावली, ह्यांनी शिडी धरली आणि सूचना दिल्या. बाहेरच्या तोंडाचा हूड, म्हणजे वरचं झाकण, काढला तर आत काथ्याचा गोळा. खारीचं घरटं! नारळाची शेंडी, कापूस आणि ह्यांच्या हरवलेल्या बनियनचा तुकडा. नशिबाने रिकामं होतं. पिल्लं असती तर ती मोठी होईपर्यंत थांबणं आलं. स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या हवेच्या जाळीत कुंभारमाशीने मातीची चार मडकी लिंपली होती, ती पातळ पटाशीने काढली. हे दिवसच घरटी बांधायचे. थंडी संपली की सगळ्यांना जागा हवी असते.

माळ्यावर त्याहून वाईट होतं. बसवताना चंदेरी लवचीक पाइप वापरला होता. तो मधे पोट सुटल्यासारखा लोंबत होता, आणि त्या पोटात तांब्याभर काळं पाणी. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री वाफ तिथेच थंड होऊन साचलेली. आतली तार गंजून फॉइल फाटायला आलेलं. तो सगळा टाकला आणि चार इंची पीव्हीसी पाइप घातला, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

पंख्याची पाती आधी कोरड्या ब्रशने आणि मग ओल्या फडक्याने पुसली. मोटरवर पाणी नाही. वायरमन तेलाचा थेंब टाकायला निघाला होता, त्याला अडवलं, कारण ह्याचे बेअरिंग बंदिस्त असतात आणि तेलाने फक्त धूळ चिकटते. स्वयंपाकघरातला जुन्या पद्धतीचा बुशवाला आहे, म्हणजे बेअरिंगच्या जागी नुसती धातूची नळी, त्याला मात्र थेंबभर दिलं. तो मंद फिरायला लागला होता, पण दोष कपॅसिटरचा निघाला. नवा साठ रुपयांत आला.

स्वयंपाकघराचं काम सर्वांत चिकट. बांगडे तळायचे म्हणजे तेलाची वाफ, त्यावर लाल धूळ. बाहेरच्या झडपा एकमेकींना चिकटून अर्ध्याच उघडत होत्या. प्लास्टिकच्या झडपा आणि पाती कढत पाणी, भांड्याचा साबण आणि धुण्याच्या सोड्यात तासभर ठेवल्या, लख्ख निघाल्या. त्याच पाण्यात अॅल्युमिनियमची जाळीही टाकली. ती काळी पडली. अॅल्युमिनियमला सोडा चालत नाही, त्याला नुसता साबण.

पण खरी गोष्ट मिठाची. शेजारच्या दादांची बोट हर्णै बंदरात असते. माझा हूड बघून ते म्हणाले, "वहिनी, आधी गोडं पाणी, मग बाकी सगळं." जूनमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच इथे होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत दुपारचा खारा वारा जे मीठ आणून टाकतो, ते कोरडं असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. पाऊस सुरू झाला की त्याचंच खारं पाणी होतं आणि स्क्रू, पत्रा, मोटरची कडी खायला लागतं. उघड्यावरचं मीठ पावसाने धुऊन तरी जातं. हुडाच्या आत, जाळीच्या मागे पाऊस पोचत नाही, आणि नेमकं तिथलंच सगळं सडलेलं होतं. बाहेरून हूड नवा दिसत होता, आतून पापुद्रे निघत होते.

कोरड्या फडक्याने मीठ निघत नाही, फक्त सरकतं. म्हणून सगळं गोड्या पाण्याने दोनदा धुतलं आणि उन्हात वाळवलं. मार्चचं ऊन त्याला उत्तम, तासाभरात खडखडीत. पावसाळ्यात हेच करायचं तर वाळवणार कुठे? साधे स्क्रू तीन ठिकाणी ड्रिल करून काढावे लागले. आता स्टेनलेस घातलेत, बोटीच्या सामानाच्या दुकानातून खाऱ्या हवेला टिकणारे ३१६ नंबरचे. नेहमीच्या ३०४ नंबरच्या स्टेनलेसवर इथे दोन वर्षांत तपकिरी डाग येतात. त्याने ताकद जात नाही, पण डोळ्यांना खुपतं.

परत बसवेन का? हो, पण कोठीशिवाय. आणि हवा बाहेर टाकणारं तोंड पूर्वेला काढेन. वायरमनला जवळ पडलं म्हणून त्याने पश्चिमेला काढलं, त्यामुळे जुलैच्या वाऱ्यात पाऊस उलटा पाइपात आला. तोपर्यंत सध्याचा नेम असा: सकाळी मतलई वारा असेस्तोवर सगळ्या खिडक्या उघड्या, पंखा बंद. दुपारी वारा फिरला की पश्चिमेच्या खिडक्या लावायच्या.

पत्र्याचा हूड काढून प्लास्टिकचा घालायचं काम बाकी आहे. मृगाला अजून अडीच महिने आहेत. बाहेरच्या तोंडाला सध्या नायलॉनची जाळी बांधली आहे, आणि खार काल तिच्यावर बसून आत डोकावून गेली.