विंग चुन की ज्युदो?

दोन्ही शिकलो, म्हणून सांगतो. विंग चुन हा दक्षिण चीनचा कुंग फू. १९५०च्या दशकात इप मान तो हाँगकाँगमध्ये शिकवत. ब्रूस ली त्यांचाच शिष्य. माझे पहिले सहा महिने 'सिउ निम ताओ' या एकाच फॉर्ममध्ये, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या क्रमात, गेले. पाय रोवलेले, चालतात फक्त हात. कंटाळा यायचा. मग 'ची साओ' सुरू झालं. समोरच्याच्या हाताला हात टेकवून त्याचा जोर कुठे वळतोय हे डोळ्यांनी नव्हे, स्पर्शाने ओळखायचं. ते पहिल्यांदा जमलं तो दिवस अजून आठवतो.

ज्युदोचं उलट. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. इथे आधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीकडे, हाताचा फटका मॅटवर. रांदोरीत, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत, समोरचा खराखुरा विरोध करतो. आपल्याला काय येतं ते त्याच संध्याकाळी कळतं. खांदे मात्र दुखतात.

झटापटीत टिकायचं असेल, तर ज्युदो घ्या. चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याला मी विंग चुन सुचवेन. पण पडणं कुठूनतरी शिकाच. पावसात जिन्यावरून घसरलो, तेव्हा माझी हनुवटी आपोआप छातीला लागली होती.