लेखी करार आणि उद्यम नोंदणी: फ्रीलान्स डेव्हलपर म्हणून वर्षभराचा अनुभव

मी दारव्हा तालुक्यातल्या गावात राहून सॉफ्टवेअरची फ्रीलान्स कामं करतो. काही कामं पुण्या-बंगळुरूच्या एजन्सींची असतात (त्या आपल्या क्लायंटचं काम घेऊन पुढे आमच्याकडून करून घेतात), काही इथल्याच जिनिंग आणि कृषी केंद्रांची. गेल्या वर्षी दोन पानांचा करार लिहिला, यवतमाळच्या वकिलाकडून तपासून घेतला आणि तेव्हापासून सहीशिवाय काम हातात घेतलेलं नाही. जोडीला उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी केली. आपल्याकडच्या पोरांना कोडिंग शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण केलेल्या कामाचे पैसे वेळेवर कसे मिळवायचे हे कोणी सांगत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

करारातलं सगळ्यात कामाचं कलम आहे स्वीकृतीचं. काम सोपवल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर सोपवलं त्या दिवशीच ते स्वीकारलं असं धरायचं. ही अट माझ्या मनची नाही, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातच ती आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल, तर करारात ९० दिवस लिहिले असले तरी स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. बँक दर साडेपाच टक्के धरला तरी हा आकडा वर्षाला साडेसोळाच्या वर जातो.

पण हे ४५ दिवस मोजायला सुरुवात कधी होते, यावरच सगळं अडतं. ‘क्लायंटने अजून बघितलं नाही’, ‘टेस्टिंग चालू आहे’ असं म्हणत लोक महिनोन्‌महिने काढतात आणि स्वीकृतीची तारीख उगवतच नाही. कापूस घातल्यावर वजनाची काटापट्टी हातात असेल तरच चुकारा कधी देता हे व्यापाऱ्याला ठणकावून विचारता येतं. आपली काटापट्टी म्हणजे डिलिव्हरीचा मेल. त्यात काय दिलं, कोणत्या तारखेला दिलं आणि हरकत कधीपर्यंत कळवायची, एवढं लिहायचं. फोनवर हरकत सांगितली तर ‘मेल करा’ म्हणायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर कामाच्या गप्पा होऊ द्या, डिलिव्हरी मात्र मेलवरच.

याची परीक्षा एका शहरी एजन्सीकडच्या कामात झाली. ‘आमचे पैसे आले की तुमचे देतो’ हे पालुपद सुरू झालं. मी भांडलो नाही. डिलिव्हरीच्या मेलची प्रत, उद्यम क्रमांक टाकलेलं बिल आणि ४५ वा दिवस कोणता, एवढंच त्यांच्या अकाउंट विभागाला पाठवलं. फेब्रुवारी संपत आला होता. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात एक तरतूद आली (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३ बी (एच)). सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करासाठी उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रोजेक्ट मॅनेजरला याचं सोयरसुतक नसतं, पण अकाउंटंटला असतं. मार्च संपायच्या आत पैसे जमा झाले. तेव्हापासून पैशांचा पत्रव्यवहार मी थेट अकाउंटंटशी करतो, आणि त्याचा मेल पत्ता करारातच लिहून घेतो.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. आणि ती काम घेण्याआधीच करा. आधीच्या कामाला नंतरची नोंदणी लागू पडते का, यावर न्यायालयात वाद झाले आहेत. खेड्यात बसणाऱ्यासाठी एमएसएमईडी कायद्यात आणखी एक मोठी गोष्ट आहे. एजन्सीच्या करारात ‘न्यायक्षेत्र बंगळुरू’ छापलेलं असतं आणि ते वाचूनच आपण गप्प बसतो. पण कलम १८ प्रमाणे पुरवठादार जिथला, तिथल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) प्रकरण नेता येतं, खरेदीदार भारतात कुठेही असो. निकाल विरोधात गेला आणि तो रद्द करून घ्यायचा असेल, तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. मला कौन्सिलपर्यंत जावं लागलं नाही. कायद्यात ९० दिवसांत निकालाचं म्हटलं आहे, तरी त्या भरवशावर घरखर्च आखू नये.

त्यासाठी हप्ते. मी ३० टक्के आगाऊ, ४० चालता कोड दाखवल्यावर आणि ३० शेवटी घेतो. आगाऊ रक्कम आल्याशिवाय रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायची ऑनलाइन जागा, उघडत नाही. जून लागला की घरात बियाणं-खताला पैसा लागतो, पेरणी कोणाच्या बिलासाठी थांबत नाही. मालकी हक्काचं कलम शेवटच्या हप्त्याला बांधलेलं आहे: पूर्ण पैसे मिळाल्यावरच कोडचा कॉपीराइट क्लायंटकडे जाईल. १९५७ च्या कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेला कोड मुळात त्याचाच असतो आणि सहीनिशी लेखी दिल्याशिवाय हक्क जात नाही. एजन्सीला पुढे हेच हक्क आपल्या क्लायंटला द्यायचे असतात, त्यामुळे हे कलम ती गंभीरपणे वाचते. टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापला जाणारा आयकर, जाणार हे धरूनच दर सांगा आणि तो आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर दिसतो का, हे बघत राहा.

गावातल्या गिऱ्हाइकांपुढे मात्र हा दोन पानी करार चालला नाही. कृषी केंद्रवाले दादा म्हणाले, “आपल्यात कागद कायले लागते, भाऊ?” त्यांना मी वेगळं एक पान मराठीत करून दिलं: काय करणार, किती पैसे, कधी, आणि पुढच्या वर्षीची देखभाल कितीत. ते त्यांनी नीट वाचलं आणि सही केली. त्यांचे हप्ते मी त्यांच्या हंगामाप्रमाणे लावतो. जिनिंगचा पैसा दिवाळीनंतर फिरू लागतो, तेव्हा जानेवारीचं बिल निघतं तसं ऑगस्टचं निघत नाही. ४५ दिवसांचा कागद इथे मी काढत नाही. रोज बाजारात तोंडासमोर येणाऱ्या माणसाकडून आगाऊ रक्कम थोडी जास्त घेणं मला बरं वाटतं.

परदेशी क्लायंटवर आपल्या कायद्याचा जोर चालत नाही. तिथे अपवर्कसारख्या फ्रीलान्स कामाच्या वेबसाइटवर टप्प्याची रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे वेबसाइटकडे राखून, भरलेली दिसल्यावरच काम सुरू करावं.

करारात कच्चं राहिलंय ते वाढीव कामाचं कलम. ‘किरकोळ बदल’ फुकट असं लिहिलं होतं आणि किरकोळ कशाला म्हणायचं यावर प्रत्येक कामात घासाघीस झाली. नव्या मसुद्यात तो शब्दच काढला आहे. ठरलेल्या यादीबाहेरचं प्रत्येक काम तासाच्या दराने, आणि मेलवर होकार आल्यावरच. वीज गेल्यामुळे काम थांबलं तर त्याच दिवशी कळवीन आणि तेवढी मुदत वाढेल, हीसुद्धा अट टाकली आहे. वादळी पावसात आमचा फीडर बंद पडतो, हे बंगळुरूच्या माणसाला आधीच माहीत असलेलं बरं.