इटॅनियम आणि आयबीएम झेड: प्रोसेसरचा नफा कुणाच्या वहीत शोधायचा?

एखादी प्रोसेसर-मालिका नफ्यात आहे की नाही, हे कंपन्या सहसा उघड सांगत नाहीत. पण तिच्यावर दहा वर्षांचं काम टाकायचं असेल किंवा त्या कंपनीचे शेअर घ्यायचे असतील, तर अंदाज बांधावाच लागतो. दोन मालिका शेजारी ठेवू: इंटेलचं इटॅनियम आणि आयबीएमच्या झेड मेनफ्रेममधली (म्हणजे बँकांसारख्या ठिकाणी चालणाऱ्या मोठ्या संगणकातली) टेलम.

आकारात दोघी जवळपास सारख्या. 2012 ची इटॅनियम 'पोलसन' 544 चौरस मिलिमीटर, तर पहिली टेलम 530. एवढ्या मोठ्या चिप्स 300 मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर, म्हणजे ज्यातून चिप्स कापतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, जेमतेम शंभर बसतात. पोलसनची वेफर 5,000 डॉलरला पडली आणि निम्म्या चिप्स वाया गेल्या असं धरलं, तरी एक चांगली चिप 100 डॉलरला पडते. खरा खर्च डिझाइनचा. समजा विकासाला 50 कोटी डॉलर लागले आणि 2 लाख चिप्स खपल्या. म्हणजे दर चिपमागे 2,500 डॉलर. (हे आकडे माझ्या मनचे; तुम्ही तुमचे घाला.) वरच्या मॉडेलची यादीतली किंमत होती 4,650. खप निम्म्यावर आला की डिझाइनचा बोजा 5,000 होतो आणि सगळं गणित कोसळतं.

इटॅनियमचं हेच झालं असावं, कारण पुरावा कोर्टात निघाला. मार्च 2011 मध्ये डेटाबेस बनवणाऱ्या ओरॅकलने इटॅनियमसाठी नवं सॉफ्टवेअर बनवणं थांबवलं, इटॅनियमवर चालणारे सर्व्हर विकणारी एचपी कोर्टात गेली आणि कागद बाहेर आले: ही चिप चालू ठेवण्यासाठी एचपी इंटेलला दोन करारांत मिळून 69 कोटी डॉलर देणार होती. गिऱ्हाइकाने कारखानदाराला माल बंद करू नको म्हणून पैसे मोजायचे! इंटेलच्या वहीत एकट्या चिपचं भागत नव्हतं, असाच याचा अर्थ मी घेतो. एचपीला मात्र सर्व्हर आणि देखभाल करार यांतून ते परवडत होतं. शेवटची चिप 2017 ची. माल रवाना होणं 2021 मध्ये थांबलं.

आयबीएमकडे चिपचा दर काढायला जाऊच नका. टेलम सुटी विकत मिळत नाही, चिपचं डिझाइन करणारा आणि यंत्र विकणारा एकच. शिवाय यंत्रामागून सॉफ्टवेअरचे परवाने, स्टोरेज, देखभाल येतं. इथे बघायचं ते चक्र. नवं झेड आलं की विक्री उसळते, मग ओसरते. झेड17 आल्यावर 2025 च्या दुसऱ्या तिमाहीत झेडची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत 70 टक्के वाढली. या आकड्यावर शेअर घेणारा फसेल. झेड16 बाजारात येऊन तेवढेच महिने झाले होते, तेव्हाच्या आकड्याशी ताडून बघा.

माझा कल स्पष्ट आहे. चिप आणि यंत्र एकाच मालकाचं असेल, तर नफा दिसला नाही तरी मी लांबचा करार करेन. दोन मालक असतील, तर आधी त्यांच्यातला करार कोणत्या साली संपतो ते विचारेन.